टाक्याची चार मिनिटं

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या आरोग्य शिबिरात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



मघाशी जेवणाच्या सुट्टीत एक काकू मला बाजूला घेऊन गेल्या. दार लोटलं आणि पदर बाजूला करून पोट दाखवलं. बेंबीच्या खाली उभा व्रण, आणि त्याच्या मधोमध लिंबाएवढा फुगवटा. म्हणाल्या, "सिस्टर, खोकललं का हे वर येते. डाक्टर म्हंते, तू वझं उचललं म्हून झालं. आता मी नाही उचलीन तं कोन उचलीन?"

मला या शिबिरात विषय दिला होता 'ऑपरेशननंतर घ्यायची काळजी'. पण काकूंचं पोट पाहिल्यावर ठरवलं, की सुरुवात थोडी अलीकडून करायची. ऑपरेशननंतर बाईनं काय करावं, हे आपल्याला सगळेच सांगतात. डॉक्टर सांगतात, सासू सांगते, शेजारीण सांगते. पण बाई टेबलावर गुंगीत असताना तिचं पोट कसं शिवलं जातं, हे कुणी सांगत नाही. आणि पुढे टाका उसवला की दोष मात्र गुंगीत असलेल्या बाईचा. म्हणून आज टाक्याबद्दल बोलायचं. घाबरू नका. तुम्ही सगळ्या शिवणाऱ्या बाया आहात. गोधडी शिवता, ब्लाऊज शिवता, कापसाचे बोरे दाभणानं शिवलेले पाहता. तुम्हाला हे डॉक्टरांच्या आधी कळेल.

पोट म्हणजे एकेरी कापड नव्हे, गोधडी आहे. सगळ्यात वर कातडी. तिच्याखाली चरबी. मग एक पांढरा, चिवट पडदा. स्नायूंना धरून ठेवणारा, आणि पोटाच्या मधोमध डाव्या-उजव्या स्नायूंना जोडणारा. सगळ्यात आत पातळ अस्तर. या सगळ्यांत जोर आहे तो फक्त त्या पांढऱ्या पडद्यात. आपण हसतो, खोकलतो, शौचाला कुंथतो, भरलेली घागर डोक्यावर घेतो, तेव्हा पोटातला सगळा दाब तो झेलतो. तो नीट जुळला तर पोट जुळलं. त्यात फट राहिली की आतडं तिथून कातडीखाली येतं. त्यालाच म्हणतात हर्निया.

आता बघा, आपण कौतुक कशाचं करतो? कातडीच्या टाक्याचं! "तिचे टाके दिसत बी नाहीत, प्लास्टिकचे टाके घातले," असं आपण सांगतो, आणि त्याचे वेगळे पैसे मोजतो. वरचा टाका दिसण्यासाठी असतो. त्यानं पोट धरलं जात नाही. खरी शिवण आत आहे. तिच्याबद्दल विचारायचं आपल्या मनातही येत नाही, कारण ती दिसत नाही.

ही शिवण कशी असावी, यावर माणूस फार जुन्या काळापासून विचार करत आला आहे. सुश्रुतसंहितेत शिवणीचे चार प्रकार सांगितले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. त्यातला गोफणिका हा शब्द ज्वारीवरची पाखरं हाकणाऱ्या आपल्या बायांना समजावून सांगायला नको. तुन्नसेवनी म्हणजे रफूसारखी शिवण. फाटलेलं आतडं जोडायला मोठ्या काळ्या मुंग्या चावायला लावायच्या आणि त्यांची डोकी तिथंच ठेवायची, असंही त्यात आहे. म्हणजे कुठं कोणता टाका, हा प्रश्न नवा नाही. नवं इतकंच आहे, की आता टाके एकमेकांशी ताडून पाहिले जातात. शेकडो माणसांचं पोट एका रीतीनं शिवायचं, शेकडोंचं दुसऱ्या रीतीनं, आणि वर्षभरानं मोजायचं की कुणाचं उसवलं.

१९७६ साली जेंकिन्स नावाच्या ब्रिटिश सर्जननं एक साधा हिशोब मांडला. ऑपरेशननंतर पोट फुगतं, तेव्हा जखमेची लांबीही वाढते. दोरा तोकडा असेल तर तो पडद्याला कापत जातो. म्हणून जखमेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा आत गेला पाहिजे. पंधरा सेंटीमीटरची जखम असेल तर साठ सेंटीमीटर दोरा. गोधडीला दोरा कमी पडला की आपण ओढून ताणून संपवतो, आणि मग कापड चुण्या पडून फाटतं. अगदी तसंच.

पुढचा प्रश्न असा, की टाके मोठे घ्यायचे की छोटे? पूर्वी सगळे शिकवायचे, काठापासून चांगलं सेंटीमीटरभर आत सुई घाला, पक्कं होतं. ऐकायला पटतं. पण स्वीडनमध्ये आणि नंतर नेदरलँड्समध्ये हे ताडून पाहिलं, तेव्हा उलट निघालं. मोठा टाका पडद्याबरोबर चरबी आणि स्नायूही आवळतो. आवळलेला भाग मरतो, टाका सैल पडतो, काठ दूर होतात. छोटा टाका फक्त चिवट पडद्यालाच धरतो.

स्वीडनचा अभ्यास २००९ साली छापून आला. त्यात मोठ्या टाक्यांच्या गटात १८ टक्के लोकांना हर्निया झाला, छोट्या टाक्यांच्या गटात ५.६ टक्के. जखम पिकण्याचं प्रमाणही मोठ्या टाक्यांत जवळपास दुप्पट होतं. नेदरलँड्सचा अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ५६० माणसं होती. एका गटात काठापासून एक सेंटीमीटर आत आणि एकेक सेंटीमीटरच्या अंतरानं टाके. दुसऱ्या गटात बारीक सुई, बारीक दोरा, अर्ध्या सेंटीमीटरवर टाके. वर्षभरानं पहिल्या गटात २१ टक्के हर्निया, दुसऱ्यात १३ टक्के.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा सांगते. मोठे टाके घालून पोट बंद करायला सरासरी दहा मिनिटं लागली. छोटे टाके घालायला चौदा. म्हणजे फरक चार मिनिटांचा. त्या चार मिनिटांत पुढची कित्येक वर्षं ठरतात.

मी स्वतःबद्दल सांगते, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. मी नोकरीला नवी होते. एका सरकारी दवाखान्यात दुपारी शेवटची केस. बाहेर नातेवाईक ताटकळलेले, डॉक्टरांना पुढच्या गावी जायचं, मलाही शेवटची बस गाठायची. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, जाड दोरा द्या, पटकन घेऊन टाकू." मी दिला. दाभणानं पोतं शिवावं तसे सात-आठ टाके पडले. मी दोरा कापला, ड्रेसिंग केलं, बस गाठली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळीकडे तसंच चालायचं. पण ती बाई वर्षभरानं पोट घेऊन परत आली, तेव्हा तिला काय सांगितलं ठाऊक आहे? "तुम्ही वजन उचललं असेल." ती मान खाली घालून म्हणाली, "हो, उचललं." मी तिथंच उभी होते. मी काही बोलले नाही.

वजनाचा काही संबंध नाही, असं मी म्हणत नाही. सगळा दोष डॉक्टरांचा, असंही म्हणत नाही. टाके उत्तम असूनही हर्निया होतो. साखरेचा आजार, लठ्ठपणा, जुना खोकला, जखम पिकणं, पुन्हा पुन्हा त्याच जागी ऑपरेशन, ही सगळी कारणं आहेत. पण पडद्यातली फट बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच पडलेली असते, फुगवटा तेवढा नंतर दिसतो. मग सगळ्या कारणांतून नेमकं एकच कारण, बाईच्या डोक्यावरची घागर, का निवडलं जातं? कारण ते सोयीचं आहे. त्याला कागद लागत नाही, पुरावा लागत नाही. बाई लगेच कबूल होते.

दोऱ्याबद्दलही थोडं सांगते. कॅटगट हा जनावराच्या आतड्यापासून केलेला दोरा. त्याचा जोर दोन-तीन आठवड्यांत जातो. व्हिक्रिलचा जोर तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो. पांढरा पडदा जुळायला मात्र महिने लागतात, आणि वर्षभरानंतरही तो पूर्वीइतका मजबूत होत नाही. म्हणून उभ्या जखमेच्या पडद्याला उशिरा विरघळणारा दोरा, म्हणजे पीडीएससारखा, आणि एकसंध धावदोरा, ही रीत आज चांगली मानतात. प्रोलीन कधीच विरघळत नाही. तो मजबूत असतो, पण बारीक अंगाच्या बाईला त्याची गाठ कातडीखाली टोचत राहते, कधी तिथून पू येऊन दोरा बाहेर डोकावतो. मग तिला म्हणतात, तुझ्या अंगाला दोरा मानवला नाही. पुन्हा दोष अंगालाच!

सिझरचं वेगळं आहे, ते नीट समजून घ्या. हे मोठे-छोटे टाक्यांचे अभ्यास उभ्या चिऱ्याचे आहेत. सिझरला आता बहुतेक आडवा चिरा घेतात, बिकिनीच्या रेषेवर. फॅनेनस्टील नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९०० साली तो मांडला. त्यात हर्निया बराच कमी होतो. सिझरमध्ये गर्भाशयाला एक थर टाके घालायचे की दोन, आतलं अस्तर शिवायचं की तसंच सोडायचं, कॅटगट वापरायचा की व्हिक्रिल, हे 'कोरोनिस' नावाच्या मोठ्या अभ्यासात ताडून पाहिलं. २०१३ साली त्याचे निष्कर्ष आले. जवळपास सोळा हजार बाया होत्या, आणि भारत त्यातल्या सात देशांपैकी एक. या रीतींत सुरुवातीच्या त्रासाच्या बाबतीत फारसा फरक निघाला नाही. तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही मोठा फरक दिसला नाही. म्हणजे तिथं भांडायचं कारण नाही. कुठं फरक पडतो आणि कुठं पडत नाही, दोन्ही कळणं ज्ञानच आहे. आणि हे ज्ञान आपल्यासारख्याच बायांच्या पोटावरून मिळालं आहे. मग ते आपल्यापर्यंत परत का येऊ नये?

महागडं म्हणजे चांगलं, हाही भ्रम सोडा. जंतू मारणारं औषध लावलेला एक दोरा मिळतो. तो साध्या दोऱ्यापेक्षा सरस आहे का, हे भारतासह सात देशांत पाहिलं. २०२१ साली निष्कर्ष आला: फरक नाही. २०२२ साली दुसरा अभ्यास आला, तोही भारतासह सात देशांतला, १३ हजारांवर रुग्णांचा. त्यात एवढंच केलं, की पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि हत्यारंही नवी, निर्जंतुक घ्यायची. जखम पिकण्याचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. हातमोज्यांची एक जोडी आणि एक जास्तीचा ट्रे! आपल्या तालुक्याच्या दवाखान्याला न परवडणारं यात काय आहे? पिकलेला टाका हे पुढच्या हर्नियाचं मोठं कारण, हे लक्षात ठेवा.

पण जिथं बायांची रांग लावून ऑपरेशनं होतात, तिथं ना मोजे बदलायला वेळ असतो, ना चार मिनिटं. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका दिवसात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं केली. त्या वेळच्या शिबिरांमधल्या १३ बाया मेल्या. कारणांवर पुष्कळ वाद झाले. पण घाई कुणी नाकारली नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. बाईचं पोट हे उद्दिष्टाच्या रकान्यातला आकडा झालं, की शिवणही तशीच पडते.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. मी नाही उचलीन तं कोन उचलीन? दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, हा आपला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोडं पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं, आणि ते भरणार बाईच. ऑपरेशन उन्हाळ्यात झालं तर पाणी, दिवाळीच्या सुमारास झालं तर कापसाची वेचणी. वेचणीला कंबरेला ओटी बांधायची, ती भरत जाते तसं सगळं वजन नेमकं टाक्यावर येतं. किती दिवस वजन उचलू नये, यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण सहा आठवडे सांगण्याची रीत आहे. नोकरीवाल्या बाईला २०१७ पासून बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा आहे. वेचणीवाल्या बाईला सहा आठवडे कोण देणार? 'आराम करा' हे औषध नुसतं चिठ्ठीवर लिहून भागत नाही. ते घरात मिळावं लागतं. नवऱ्यानं घागर उचलली म्हणून काही त्याचा हात झिजत नाही. आणि घरात कुणीच नसेल तर गटानं पाळ्या लावाव्यात. बचतीचं पुस्तक आपण सांभाळतो, तर एकीची सहा आठवड्यांची घागर नाही का सांभाळता येणार?

खाण्याचंही तसंच. 'वरणानं टाके पिकतात, भातानं टाके पिकतात' म्हणून ओल्या बाळंतिणीला कोरडी भाकर देतात. हे साफ चुकीचं आहे. टाके पिकतात ते जंतूंनी. जखम भरायला डाळ, अंडी, दूध, भाजी लागते. आपल्याच शेतात तूर पिकते आणि टाके घातलेल्या बाईलाच वरण नाही! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी होतं. निम्म्याहून जास्त बाया टेबलावर जातानाच अशक्त असतात.

आता काय करायचं ते सांगते आणि संपवते.

पहिलं, ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच विचारा. चिरा उभा की आडवा? आतल्या पडद्याला कोणता दोरा, कोणती शिवण? घाबरत घाबरत विचारलं तरी चालेल. डॉक्टर रागावले तर दुसरीनं विचारावं. म्हणूनच सोबत घरच्या माणसाबरोबर गटातली एक बाई असावी. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न अपमान वाटत नाही. मी असे पुष्कळ पाहिलेत, जे कागदावर चित्र काढून समजावतात.

दुसरं, अमरावतीचं डफरीन असो, अकोल्याचं लेडी हार्डिंग असो की तालुक्याचं रुग्णालय असो, सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझर मोफत आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं आणि ऑपरेशनचं सामानही मोफत आहे. दोरा बाहेरून आणायची चिठ्ठी कुणी दिली, तर ती फाडू नका. जपून ठेवा आणि गटाकडे आणा.

तिसरं, डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'ऑपरेशन केलं' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. काय केलं, चिरा कोणता, दोरा कोणता, जखम पिकली होती का, हे लिहून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. पुढच्या ऑपरेशनला तो कागदच कामी येतो. त्या बाईच्या वेळी असा कागद असता, तर मला गप्प राहता आलं नसतं.

चौथं, धोक्याची खूण ओळखा. ऑपरेशननंतर पाच ते दहा दिवसांत ड्रेसिंग अचानक लालसर पाण्यानं भिजलं, तर ती साधी गोष्ट नाही. आतली शिवण उसवत असेल. रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करा आणि निघा. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं वर ठेवा, बाईला निजवून न्या, खायला-प्यायला काही देऊ नका. आणि जुना हर्निया असेल, तो एकाएकी कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तरीही एक क्षण थांबू नका.

काकू तिथं शेवटच्या ओळीत बसल्या आहेत. त्यांचं नाव मी घेणार नाही. काकू, तुम्ही वजन उचललंत ते खरं. पण तुमचं पोट शिवणाऱ्यानं चार मिनिटं जास्त दिली होती की नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारावं असंही कुणाला वाटलं नाही. पुढच्या सोमवारी आपण दोघी सर्जनकडे जाऊ. हर्नियाचं ऑपरेशन होतं, जाळी बसवतात, बाई बरी होते. या वेळी आधी आपण विचारू, आणि उत्तर कागदावर घेऊ.

एवढं बोलून थांबते. प्रश्न असतील तर विचारा. विचारायची सवय इथूनच लागू द्या.